मधल्या वर्षांचा योगाभ्यास

मराठीत योगावरची पुस्तकं पुष्कळ आहेत आणि ती बहुतेक दोन टोकांना उभी आहेत. एका टोकाला चित्र, कृती, लाभ आणि दक्षता अशा ठरलेल्या साच्यात आसनं शिकवणारी. दुसऱ्या टोकाला योगसूत्रांवरची भाष्यं, यम-नियमांपासून थेट कैवल्यापर्यंत नेणारी. पहिली नवशिक्याला काही महिने पुरतात. दुसरी जन्मभर पुरतात, पण पहाटे चटईवर उभ्या राहिलेल्या माणसानं आज काय करावं, हे त्यांच्यात मिळत नाही. मधे एक लांबलचक पट्टा उरतो. वर्ग संपलेला असतो, आसनांची नावं पाठ झालेली असतात, सुरुवातीचा झपाट्यानं होणारा फायदा होऊन गेलेला असतो आणि पुढची दहा-वीस वर्षं घरात, बहुधा एकट्यानं काढायची असतात. बहुतेकांचा अभ्यास याच पट्ट्यात सुटतो. हे पुस्तक त्या वर्षांबद्दल आहे.

ते सोलापुरात लिहिलं गेलं, आणि या गावाला योगाची ओळख नवी नाही. तळ्याच्या मधोमध उभ्या असलेल्या सिद्धेश्वर मंदिराच्या आवारात सिद्धरामेश्वरांची योगसमाधी आहे. संक्रांतीला नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, गड्ड्याची जत्रा भरते. हे सारं ज्यांच्या नावानं चालतं ते बाराव्या शतकातले शिवयोगी होते आणि साधकाच्या प्रगतीविषयीचा एक अवघड प्रश्न त्यांच्याच चरित्रात आहे, याकडे मात्र आपलं लक्ष कमी जातं. सिद्धरामांनी सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, तळं खोदवलं, देऊळ उभारलं, लिंगांची स्थापना केली. लोकांच्या उपयोगाचं एवढं काम चालू असताना शिवशरण संत अल्लमप्रभू तिथं आले. बाहेर एवढं उभं राहिलं, पण आत काय घडलं, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. पंधराव्या शतकातल्या ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात हा प्रसंग सविस्तर आला आहे. सिद्धराम आधी संतापतात, मग ऐकतात, आणि पुढे कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, शिवभक्त शरणांच्या मेळ्यात जातात. शीर्षासन दहा मिनिटं टिकलं, पश्चिमोत्तानासनात कपाळ गुडघ्याला लागलं, हे बाहेरून मोजता येतं आणि मोजावंही. पण ते मोजून झाल्यावर अल्लमप्रभूंचा प्रश्न उरतोच, आणि बरीच वर्षं अभ्यास केलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी त्याला तोंड द्यावं लागतं.

मराठी मुलखात योग मुख्यतः नाथपंथातून आला. गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांकडे आणि त्यांच्याकडून ज्ञानदेवांकडे ही विद्या आली. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आसनाची जागा कशी असावी इथपासून कुंडलिनी जागी होण्यापर्यंतचं वर्णन आहे. गीतेच्या श्लोकांत नसलेलं बरंच काही ज्ञानदेवांनी त्यात स्वतःच्या परंपरेतून आणलं आहे. पुढे पंढरीच्या वाटेवर भक्तीचा ओघ मोठा होत गेला. सहावा अध्याय पारायणात वाचला जात राहिला, पण त्यातली साधना थोड्या मठांत आणि थोड्या घराण्यांत राहिली. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात असल्यामुळे हे इथं जास्त जाणवतं. माळकरी घरातला माणूस योगवर्गाला येतो तेव्हा, नाम घेत असताना हे आणखी वेगळं कशाला, असा संकोच त्याच्या मनात असतो. अशा वेळी मी वाद घालत नाही, घरातलीच ज्ञानेश्वरी उघडायला सांगतो.

हठयोगाचे ग्रंथ वाचताना एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. स्वात्मारामांची ‘हठयोगप्रदीपिका’ पंधराव्या शतकाच्या सुमाराची. तिच्यात आसनं पंधराच वर्णिली आहेत, आणि त्यांतली बरीच बसण्याची. नंतरच्या ‘घेरंडसंहिते’त ती बत्तीस झाली. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या ‘लाइट ऑन योगा’मध्ये सुमारे २०० आसनं आहेत. आसनांचा हा विस्तार मला गैर वाटत नाही. शरीराची समज त्यानं वाढली. पण अवघड आसन म्हणजे पुढची पायरी, हा हिशेब जुन्या ग्रंथांतला नाही, एवढं साधकानं पक्कं धरावं.

आज आपण ज्याला योगवर्ग म्हणतो तो विसाव्या शतकात घडला, आणि त्याच्या घडणीत महाराष्ट्राचा वाटा फार मोठा आहे. नर्मदाकाठच्या मालसर इथल्या परमहंस माधवदासांचे दोन शिष्य मुंबई-लोणावळ्याच्या परिसरात आले. योगेंद्रांनी १९१८ साली वर्सोव्याला ‘द योग इन्स्टिट्यूट’ सुरू केली. ती पुढे सांताक्रूझला स्थिरावली. संसारी माणसानं संसार न सोडता करायचा योग हा त्यांचा आग्रह. त्यांच्या पत्नी सीतादेवींनी १९३४ साली स्त्रियांच्या योगव्यायामावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. त्या काळात ही केवढी धिटाई होती!

दुसरे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात त्यांचं शरीर घडलं, अमळनेरला त्यांनी शिक्षणाचं काम केलं आणि १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केलं. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक निघालं. उड्डियान आणि नौली करताना पोटात नेमकं काय होतं, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून पाहिलं. नौलीच्या वेळी आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, हे त्यांनी दाखवलं. मला त्यांच्या कामातला दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. प्राणायामात शरीर नेहमीपेक्षा जास्त ऑक्सिजन शोषून घेतं, ही लाडकी समजूत त्यांच्या प्रयोगांत टिकली नाही, आणि योगाचा प्रचार करायला निघालेल्या या माणसानं ते उघडपणे मांडलं. आज नव्वद वर्षांनंतरही कित्येक वर्गांत तीच समजूत सांगितली जाते. अभ्यासाचा अनुभव खरा असतो, त्याचं दिलेलं कारण चुकीचं असू शकतं. साधकानं हा फरक करायला शिकलं तर पुढचे बरेच भ्रम टळतात.

याच सुमारास औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचा प्रसार करत होते. त्यांनी संस्थानातल्या शाळांमध्ये तो सक्तीचा केला, पुस्तकं लिहिली, स्वतः म्हातारपणापर्यंत घातला. औंध संस्थानातला आटपाडीचा भाग आमच्या सांगोला तालुक्याला लागून आहे, आणि जिल्ह्यातल्या जुन्या तालमींत जोर-बैठकांच्या जोडीला सूर्यनमस्कार असायचाच. महाराष्ट्रात योग या व्यायामाच्या दारातून घरात आला. त्यामुळे घाम आणि आकडा या दोन गोष्टी आपल्या मनात योगाशी घट्ट जोडल्या गेल्या. रथसप्तमीला सामुदायिक नमस्कार घालणारी मुलं पाहून मन भरून येतं. त्यांच्यातल्या निम्म्यांनी तिशीपर्यंत रोज बारा जरी टिकवले तरी या गावाचं आरोग्य वेगळं दिसेल.

अय्यंगार पुण्यात आले १९३७ साली. म्हैसूरला कृष्णमाचार्यांकडे शिकलेला, लहानपणी क्षयानं आणि मलेरियानं खंगलेला, मराठी न येणारा अठरा वर्षांचा मुलगा बेळगावहून पुण्यात आलेल्या डॉ. व्ही. बी. गोखले यांच्या पुढाकारानं डेक्कन जिमखान्यावर शिकवू लागला. स्वतःच्या अडणाऱ्या शरीरावर प्रयोग करत त्यांनी पट्टा, वीट, दोर, खुर्ची, लोड यांची पद्धत बसवली, आणि आजारी, म्हाताऱ्या, ताठर माणसाला आसनाचं दार उघडून दिलं. १९७५ साली पुण्यात त्यांची संस्था उभी राहिली. जगभर कीर्ती झाल्यानंतर, १९७९ मध्ये, साठीत, त्यांना स्कूटरचे दोन अपघात झाले आणि सहज येणारी आसनं शरीरानं नाकारली. त्यांनी पुन्हा प्राथमिक आसनांपासून सुरुवात केली आणि वर्षानुवर्षं खपून बरंच परत मिळवलं. या पुस्तकाच्या दृष्टीनं त्यांच्या आयुष्यातला हा भाग मला छायाचित्रांतल्या अय्यंगारांपेक्षा जवळचा आहे. इतक्या उंचीवरच्या अभ्यासकालाही मिळवलेलं हरवतं आणि पुन्हा पहिल्या पायरीवर यावं लागतं.

पुढच्या पिढीत योग गावोगाव पोहोचला. नागपुरात जनार्दनस्वामींनी पैसे न घेता घरोघरी जाऊन शिकवलं. ठाण्यात, नाशकात, मुंबईत मंडळं उभी राहिली. मुंगेरहून सत्यानंदांची पवनमुक्तासनांची मालिका आणि योगनिद्रा आली. मग दूरचित्रवाणीवरून कपालभाती थेट दिवाणखान्यात आली. ११ डिसेंबर २०१४ रोजी संयुक्त राष्ट्रांनी ठराव केला आणि २०१५ पासून २१ जून हा योगदिन झाला.

या साऱ्या धारांची भांडणं लावण्यात मला रस नाही. पण प्रगती कशाला म्हणायचं, याचं प्रत्येकीचं उत्तर वेगळं आहे, हे साधकाला ठाऊक असावं. लोणावळ्याची पद्धत सांगते: ताण नको, हळू जा, श्वास आणि आतली इंद्रियं पाहा. पुण्याची सांगते: टाचेच्या बाहेरच्या कडेपासून बोटाच्या टोकापर्यंत लक्ष पोहोचू दे, आणि आसनात थांब. नमस्काराची परंपरा आकडा आणि सातत्य मागते. एका पद्धतीत शिकून दुसरीच्या मापानं स्वतःला मोजू लागलं की उगाच निराशा येते. मधल्या वर्षांत हे फार होतं, कारण तोवर दोन-तीन ठिकाणची शिबिरं झालेली असतात.

आता सोलापूरच्या शरीरांबद्दल. पुस्तकांतलं शरीर कोऱ्या कागदासारखं असतं. इथलं तसं नाही, त्यावर कामानं आधीच पुष्कळ लिहून ठेवलेलं असतं. पूर्वभागातल्या विडी वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन दिवसभर जमिनीवर बसतात. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं, त्यामुळे मान वर करायला सवड नसते. यांतली बाई पहिल्याच दिवशी पद्मासनात सहज बसते. बँकेतल्या कारकुनाला ते वर्षभर जमत नाही. मात्र दोन्ही हात कानाला लावून वर करायला सांगितले की तिच्या खांद्यात कळ येते आणि पाठीचा मधला भाग हलत नाही. यंत्रमागावर उभं राहून पाळी करणारा कामगार तुटलेलं सूत जोडायला सतत पुढे वाकतो, तर त्याला पुढे वाकण्याच्या आसनांची काय गरज? त्याला छाती उघडणारी, मांडीचा पुढचा भाग लांबवणारी आसनं हवीत, आणि रात्रपाळी असेल तर सगळ्यात आधी आडवं पडून निवांत श्वास हवा. सुताची धूळ किंवा तंबाखूचा वास भरलेल्या खोलीत प्राणायाम करू नये, हे कुठल्या आसनपुस्तकात छापलेलं मी पाहिलं नाही. इथं ते पहिल्या पानावर असायला हवं. घर एका खोलीचं असेल तर गच्ची, देवळाचा ओटा, शाळेचं मैदान, तळ्याकाठची बाग, जिथं हवा मोकळी असेल तिथं जावं.

हवामानाचंही असंच. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असतो, रात्रीही भिंती तापलेल्या राहतात, झोप मोडते. तेव्हा भस्त्रिका आणि भरभर घातलेले नमस्कार यांचा हट्ट कशाला? शीतली, आधार घेतलेली आसनं, लांब शवासन यांचे ते दिवस. आणि नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं त्या पहाटे घरातल्या बाईचा अभ्यास बुडतो. त्याला आळस म्हणू नये. त्या दिवसासाठी दहा मिनिटांचा वेगळा अभ्यास आधीच ठरवलेला असावा.

पतंजलींनी साधनेतले नऊ अंतराय सांगितले आहेत. त्यांत आजार, संशय, आळस हे ओळखीचे आहेत. मधल्या वर्षांच्या दृष्टीनं शेवटचे तीन फार नेमके आहेत. भ्रांतिदर्शन हा पहिला. अंगात उष्णता जाणवली, डोळ्यांपुढे प्रकाश दिसला की आपण कुठेतरी पोहोचलो असं वाटू लागतं. आता मोबाइलवर स्वतःच्या आसनाचा फोटो टाकून हीच भ्रांती दुसऱ्या वाटेनं येते. अलब्धभूमिकत्व हा दुसरा: खटपट चालू आहे, नेमही मोडलेला नाही, पण पुढची पायरी काही केल्या येत नाही. वर्षानुवर्षं तेच आसन तिथंच अडतं. तिसरा अनवस्थितत्व: पायरी आली, पण टिकली नाही. बाळंतपण झालं, गुडघा गेला, घरात कुणाचं आजारपण निघालं, बदली झाली, आणि मिळवलेलं निसटलं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी शेवटची ही दोन दुःखं वेगळी ओळखून वेगळी नोंदवली, याचं मला फार मोल वाटतं. त्यांचे उपायही वेगळे आहेत. पायरी येत नसेल तर अभ्यासाची मांडणी बदलून पाहावी लागते: क्रम, वेळ, आधार, कधी शिक्षक. पायरी टिकत नसेल तर मांडणीला हात न लावता अभ्यास लहान करावा, पण रोज करावा. या दोन अडचणींची गल्लत झाली की माणूस नेमकी उलटी गोष्ट करतो.

दुसरी बाजू हठयोगप्रदीपिकेत आहे, आणि ती आपल्या कष्टाळू स्वभावाला पटायला जड जाते. योगाचा नाश करणाऱ्या गोष्टींत स्वात्माराम अतिआहाराबरोबर अतिश्रम धरतात आणि नियमांचा अट्टहासही धरतात. लगेच पुढे साधकाला लागणाऱ्या गुणांत उत्साह, धैर्य आणि निश्चय सांगतात. निश्चय हवा, अट्टहास नको. या दोहोंतली सीमा शरीर दाखवतं, पण ती वाचायला वेळ लागतो. स्नायूच्या पोटात जाणवणारा ताण आणि सांध्याजवळ उठणारी टोचणी यांत फरक आहे. मांडीच्या मागचा स्नायू बैठकीच्या हाडाला जिथं जोडला जातो तिथं दुखू लागलं आणि तरी पुढे वाकणं रेटलं, तर ते दुखणं महिनोन् महिने जात नाही. काचबिंदू असलेल्यानं शीर्षासन करू नये, कारण त्यात डोळ्यातला दाब दुपटीच्या घरात जातो. रक्तदाब किंवा हर्निया असलेल्यानं कुणाचं ऐकून जोरानं कपालभाती करू नये. बी. के. एस. अय्यंगार यांच्या कन्या गीता अय्यंगार यांनी पाळी, गरोदरपण आणि पाळी जाण्याचा काळ यांप्रमाणे अभ्यास बदलायला शिकवलं. तो धडा पुरुषांनीही वय आणि आजारपण यांच्यासाठी घ्यावा.

हे आत्ताच लिहायची निकड का वाटली? योगाला आज मान आहे. २१ जूनला मैदानं भरतात, शाळांत तास आहेत, शिक्षकांना प्रमाणपत्रं आहेत. सुरुवात करणं इतकं सोपं कधीच नव्हतं. पण या सगळ्या व्यवस्थेचा भर सुरुवातीवर आहे. २२ जूनला घरी काय करायचं, हे सांगणारं माणूस दर गल्लीत नाही. पूर्वी ते काम गुरूशी असलेल्या दीर्घ सहवासातून होई. आज बहुतेकांना पंधरा दिवसांचं शिबिर मिळतं आणि मग पडद्यावरचे शिक्षक, जे समोरच्याचं शरीर पाहू शकत नाहीत. दुसरीकडे मधुमेह, रक्तदाब आणि पाठदुखी घेऊन डॉक्टरांच्या सांगण्यावरून योगाकडे वळणाऱ्यांची संख्या वाढते आहे. त्यांना चार आठवड्यांत गुण हवा असतो. थोडा मिळतो, आणि पाचव्या आठवड्यात चटई कपाटावर जाते. त्यांच्याशी प्रामाणिकपणे बोलायचं तर वर्षांच्या भाषेत बोलावं लागेल.

म्हणून या पुस्तकात आसनांचा कोश नाही. ज्यानं किमान वर्षभर वर्गात शिकून मूलभूत आसनं आणि साधा प्राणायाम आत्मसात केला आहे, अशा वाचकासाठी ते आहे. घरचा अभ्यास कसा रचावा, थांबलेली प्रगती कशी तपासावी, खंडानंतर कुठून सुरू करावं, कामानं घडलेल्या शरीराला काय आधी द्यावं, चाळिशी-साठी ओलांडताना काय सोडावं आणि काय धरून ठेवावं, या प्रश्नांभोवती ते फिरतं. उदाहरणं सोलापूर आणि आसपासची आहेत. इचलकरंजीत, भिवंडीत, मालेगावात माग चालवणाऱ्यांना ती ओळखीची वाटतील. आयटीत बसून काम करणाऱ्या पुण्याच्या मुलांनी विडी कामगारांवरचा भाग आवर्जून वाचावा. पुढे गोल झालेला खांदा दोघांचाही सारखाच असतो.

प्रत्येक भागात रोजची वही लिहिण्याचा आग्रह आहे. वहीत आसनाची मिनिटं लिहावीत, पण त्याच ओळीत झोप कशी लागली, श्वास कुठे अडला, दिवसात राग किती वेळ टिकला, हेही लिहावं. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्यावर महिन्याभरात जे दिसतं ते कुठल्याही शिक्षकाला बाहेरून दिसत नाही.

काही गोष्टी मुद्दाम वगळल्या आहेत. वस्त्रधौती, दीर्घ कुंभक आणि बंधांसह केलेला प्राणायाम यांच्या कृती इथं नाहीत. त्या जाणत्याच्या नजरेखाली शिकाव्यात, पुस्तकावरून नाहीत. कुठल्याही आजारावर ठरावीक आसनांचा तक्ता दिलेला नाही, कारण एकाच नावाचा आजार दोन माणसांत दोन तऱ्हांनी वागतो. औषधं चालू असतील तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नयेत. समाधीबद्दल मी लिहिलेलं नाही. त्यासाठी ज्ञानेश्वरी आणि योगसूत्रं आहेत. वाचकानं भाग क्रमानं वाचायची गरज नाही. ज्याचा अभ्यास सध्या सुटला आहे त्यानं खंडावरच्या भागापासून सुरुवात करावी, आणि आधी तिथला दहा मिनिटांचा अभ्यास करून मगच पुढचं पान उलटावं.